मोम्बासा ते केप टाउन: मोटारसायकल प्रवासाची पूर्वतयारी

आफ्रिका मोटारसायकलवरून पार करायची असे मनात आले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कैरो ते केप टाउन हीच रेघ येते. सुदानमध्ये एप्रिल 2023 मध्ये युद्ध पेटल्यापासून ही रेघ मधोमध तुटलेली आहे आणि भारतातून निघणाऱ्याने तिच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला सोयीचा मार्ग केनियातील मोम्बासा बंदरापासून सुरू होतो. तेथून नैरोबी, नामांगा नाक्यावरून टांझानियातील अरुशा, पुढे दोदोमा, इरिंगा आणि म्बेया, तुंदुमा येथे सीमा ओलांडून झांबियातील लुसाका व लिव्हिंगस्टन, मग बोत्सवाना, नामिबिया आणि शेवटी दक्षिण आफ्रिका असा तो जातो. अंतर साधारण साडेसहा हजार किलोमीटर भरते. या सहाही देशांत वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात उलट्या बाजूने जाण्याची सवय लावून घेण्याची कसरत वाचते.

नकाशा उघडण्याआधी दिनदर्शिका उघडावी. पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस मार्च ते मे या महिन्यांत आणि लहान पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. झांबिया आणि बोत्सवानात नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा असतो, तर केप टाउनला पाऊस हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये येतो. हे तिन्ही पावसाळे चुकवायचे असतील, तर जुलैच्या आरंभी मोम्बासा सोडून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात केप टाउन गाठणे उत्तम. त्या सुमारास केप टाउनच्या उत्तरेकडील नामाक्वालँडचे एरवी उजाड असणारे माळ रानफुलांनी भरलेले असतात, हा वरकड लाभ. मात्र आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने कपडे भरू नयेत. जुलैमध्ये बोत्सवानातील रात्री पारा शून्याजवळ येतो आणि इरिंगा-म्बेयाच्या डोंगराळ भागात सकाळी सातला हँडल धरलेली बोटे बधिर होतात.

यानंतर कागदपत्रे, आणि या प्रवासात खोळंबा होतो तो रस्त्यावर कमी, कागदांपायी जास्त. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाहनाचा पासपोर्ट म्हणता येईल असे कार्ने द पासाज. परदेशी वाहन तात्पुरते देशात आणून पुन्हा बाहेर नेले जाईल, विकले जाणार नाही, याची ती हमी असते आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते. ते मोटारचालकांच्या संघटनेमार्फत मिळते. महाराष्ट्रातील व्यक्तीने पहिली चौकशी मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे करावी. मुदत एक वर्षाची असते. प्रत्येक पानाचे प्रवेशाचा तुकडा, निर्गमाचा तुकडा आणि आपल्याकडे राहणारी स्थळप्रत असे तीन भाग असतात. देशात शिरताना व बाहेर पडताना स्थळप्रतीवर शिक्का पडला आहे का, हे खिडकीसमोरच उभे राहून पाहावे, कारण निर्गमाचा शिक्का राहिला तर त्या देशाच्या लेखी गाडी अजून तेथेच आहे. बोत्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका एकाच सीमाशुल्क संघात असल्यामुळे तेथे गाडीचा प्रवेश पहिल्या देशात आणि निर्गम शेवटच्या देशात नोंदला जातो.

माझ्या कार्नेवर इंजिन क्रमांकातील शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर टंकले गेले होते आणि ते घेताना मी पाहिले नव्हते. एका सीमानाक्यावरील अधिकाऱ्याने गाडीशेजारी उकिडवे बसून, इंजिनावरचा चिखल अंगठ्याने पुसून, मोबाइलच्या उजेडात एकेक आकडा मोठ्याने वाचला, आणि माझा अर्धा दिवस तेथेच गेला. तेव्हा कार्ने हाती पडताच आरसी बुक, कार्ने आणि प्रत्यक्ष गाडीवर कोरलेले चासिस व इंजिन क्रमांक एकत्र ताडून पाहावेत.

गाडी न्हावाशेवा बंदरातून लाकडी खोक्यात बंद होऊन समुद्रमार्गे मोम्बासाला जाते. पाठवण्यापूर्वी ती चाकांच्या आऱ्यांपर्यंत धुवावी, टाकीतील पेट्रोल काढून टाकावे आणि बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. जहाजाचे वेळापत्रक पुढे सरकते, हे गृहीत धरून गाडी दीड महिना आधी रवाना करावी आणि आपले विमानाचे तिकीट, ती मोम्बासाला उतरल्याची खात्री झाल्यावरच काढावे. उलट क्रम केल्यास लॉजचे भाडे भरत बसावे लागते. आणि गाडी उतरूनही आपण वेळेत पोहोचलो नाही, तर बंदराचे विलंबशुल्क चढते. मोम्बासातील क्लिअरिंग एजंट, म्हणजे बंदरातून गाडी सोडवून देणारा मध्यस्थ, निघण्यापूर्वीच ठरवून त्याच्याकडून सर्व शुल्कांचा लेखी तपशील घ्यावा.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो. केनियासाठी जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी इंटरनेटवरून आगाऊ परवानगी घ्यावी लागते. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो सर्वांत शेवटी, पण तो भारतातूनच काढून निघावे आणि अर्जात प्रवेशाची तारीख ऐसपैस धरावी. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घेणे आवश्यक आहे. तिचे प्रमाणपत्र 2016 पासून आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. केनियातून आलेल्या प्रवाशाकडे ते दक्षिण आफ्रिकाही मागते आणि परतताना भारतही. नसेल तर मायदेशी सहा दिवस विलगीकरणात काढण्याची वेळ येते. हिवतापाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावी, मात्र त्यांपैकी डॉक्सीसायक्लिन या गोळीमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, हे दिवसभर उन्हात गाडी चालवणाऱ्याने त्यांच्या कानावर घालावे. विम्यासाठी केनियात कोमेसाचे (पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील देशांचा व्यापारसंघ) पिवळे कार्ड घेतले की टांझानिया व झांबियात तृतीय पक्षाचे दायित्व भागते. बोत्सवानाच्या विम्याचे पैसे सीमेवरच भरावे लागतात.

गाडी कोणती न्यावी, या प्रश्नावर मित्रमंडळींत रात्री जागवल्या जातात. माझ्या मते, जी आपल्याला आडवी पडल्यावर एकट्याने उचलता येते, ती. एक्सपल्स 200 किंवा हिमालयन पुरेशी आहे. 13 लिटरच्या टाकीत लिटरला 35 किलोमीटर धरले तरी साडेचारशे किलोमीटर जाता येते आणि या मार्गावर पंपांमधील मोठी अंतरे तीनशेच्या आसपास असतात. पूर्व आफ्रिकेत बोडा-बोडा म्हणजे मोटारसायकल टॅक्सी गल्लोगल्ली दिसतात आणि त्यांत आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर उदंड आहे. त्यामुळे गावागावात हाताशी कसबी कारागीर सापडतो. स्वाहिलीत पंक्चरला ‘पंचा’च म्हणतात, तेव्हा भाषेचीही अडचण नाही. पण 21 इंची पुढच्या चाकाची ट्यूब त्याच्याकडे नसते. म्हणून दोन्ही चाकांच्या ट्यूबा, क्लच व अ‍ॅक्सिलरेटरच्या केबली, क्लच प्लेटा, ब्रेक पॅड, चेनची जोडकडी आणि एक जास्तीचे एअर फिल्टर सोबत न्यावे. जाकीट घेताना निळा आणि काळा रंग टाळावा, कारण झांबिया व टांझानियाच्या काही जंगलपट्ट्यांत आढळणारी त्सेत्से माशी याच रंगांकडे धावते. तिला पकडण्याचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचे असतात.

रोज सरासरी 250 किलोमीटर धरले तर चाके सव्वीस दिवस फिरतील. त्यावर तेवढेच दिवस थांब्यांसाठी, नाक्यांसाठी आणि पोट बिघडण्यासाठी राखावेत, म्हणजे एकूण दोन महिने होतात. अंधारात गाडी चालवायची नाही, हा नियम लिखित असावा. कासाने ते नाता या बोत्सवानातील तीनशे किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर हत्ती भरदिवसाही आडवे येतात. तेव्हा इंजिन चालू ठेवून दूर थांबावे, हॉर्न वाजवू नये आणि शेवटचा हत्ती गेल्यावरही जरा वेळ धीर धरावा, कारण पिल्लू मागे राहिलेले असू शकते. टांझानियात गावाच्या हद्दीत ताशी 50 ची मर्यादा असते आणि पांढऱ्या गणवेशातील पोलीस झाडाच्या सावलीत वेगमापक घेऊन उभे असतात. सेरेंगेटी, इटोशा आणि क्रूगर या उद्यानांत मोटारसायकल नेता येत नाही. त्यासाठी जीपचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

सीमांवर नोटा बदलणाऱ्यांचा गराडा पडतो, विशेषतः तुंदुमाला. तेथे लागतील तेवढेच पैसे मोजून घ्यावेत आणि डॉलरच्या नोटा नव्या, न चुरगळलेल्या ठेवाव्यात. झांबियातून बोत्सवानात जाताना झांबेझी नदीवरचा काझुंगुला पूल लागतो. 923 मीटर लांबीचा हा पूल मे 2021 मध्ये खुला झाला. त्यापूर्वी येथे तराफ्यावर गाडी चढवून पलीकडे जावे लागे. बोत्सवानात जनावरांच्या लाळ्या-खुरकताच्या रोगामुळे ठिकठिकाणी कुंपणे व तपासणी नाके आहेत. तेथे गाडीची चाके जंतुनाशकाच्या पाण्यातून न्यावी लागतात, बूट ओल्या गोणपाटावर घासावे लागतात आणि कच्चे मांस वा दूध जप्त होते. नामिबियात मुख्य मार्ग डांबरी आहे, परंतु वाळवंट पाहायचे तर खडीचे रस्ते घ्यावेच लागतात. त्यांवर पत्र्यासारख्या नाल्या पडलेल्या असतात. टायरमधील हवा थोडी कमी करावी, पाय-पेगवर उभे राहून चालवावे आणि पुढचा ब्रेक जपून दाबावा.

केप टाउनला पोहोचल्यावर गाडी परत पाठवण्यासाठी किमान आठवडाभराचा मुक्काम ठेवावा. तेथे कार्नेवर शेवटचा निर्गमाचा शिक्का घ्यावा, न्हावाशेवाला गाडी उतरल्यावर पुनःआयातीची नोंद करून घ्यावी आणि कार्ने मुदतीच्या आत संघटनेकडे जमा करावे. अनामत त्यानंतरच सुटते.