योगासनं पंधरा दिवसांत सुटतात? या चुका टाळा

२०१५ पासून दर २१ जूनला योग दिन येतो, मैदानात नाहीतर सभागृहात चटया अंथरल्या जातात, फोटो निघतात आणि जुलै उजाडेपर्यंत चटई कपाटामागे गेलेली असते. खरं तर गोव्यात श्रीगणेशा करायला हा सगळ्यात वाईट मुहूर्त. बाहेर पावसाची झोड, लादीला ओल सुटलेली, कपडे वाळत नाहीत. माझा सराव तीनदा मोडला, त्यातला दोनदा पावसाळ्यातच. तेव्हा वाटायचं आपण आळशी. आता वाटतं, मोजमापच चुकलं होतं.

पहिल्या दिवशी मी तासभर केलं होतं. बारा सूर्यनमस्कार, वर मोबाईलवर बघून चार-पाच आसनं. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला आणि चौथ्या दिवशी सुट्टी. सुरुवातीला १५ मिनिटं पुष्कळ झाली. ताडासन (ताठ उभं राहून हात वर), मार्जारासन (ओणवं होऊन पाठ वर-खाली), भुजंगासन (पालथं पडून छाती वर), सेतुबंधासन (उताणं पडून कंबर वर) आणि शेवटी शवासन. महिनाभर एवढंच करा, कंटाळा आला तरी. झालं की कॅलेंडरवर फुली मारा.

वेळेचंही तसंच. "वेळ मिळाला की करीन" म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. आमच्या फोंड्यात सकाळी सहाच्या सुमारास पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो. पाव घेतले, टोपलीत झाकून ठेवले की मी चटई उलगडतो. गजर बंद करून परत झोपता येतं, पोदेराला बंद करता येत नाही. चहा-पाव नंतर. संध्याकाळी करणार असाल तर पोटभर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. एका रविवारी दोनला हुमण-शीत, म्हणजे माशाची आमटी आणि भात, जेवून मी चारला भुजंगासनात गेलो आणि बांगडा पुन्हा भेटायला घशाशी आला.

आता दुखण्यांविषयी, कारण बरेच जण इथेच सोडतात.

पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, पायाचे अंगठे धरायचेच, हा हट्ट सगळ्यांचा असतो. मी वहिनीला बाजूने फोटो काढायला सांगितला. अंगठ्यांना बोटं लागली होती खरी, पण पाठ कासवासारखी. वाकायचं कमरेतून नव्हे, खुब्यातून. मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतील तर खुबा वळत नाही आणि सगळा ताण कंबर घेते. बुडाखाली चादरीची जाड घडी ठेवा, गुडघे खुशाल वाकवा, पाठ लांब ठेवा. हात नडगीपर्यंत पोचले तरी आसन झालं.

सूर्यनमस्कारात मनगटं दुखतात ती बहुधा भार तळव्याच्या मागच्या कडेवर पडल्यामुळे. बोटं पसरा, अंगठ्याचं आणि तर्जनीचं मूळ जमिनीत दाबा. तरी दुखलं तर काही दिवस भिंतीवर हात टेकून करा. मांडी घातल्यावर गुडघा कळ काढत असेल तर पद्मासनाचा नाद सोडा. उंच बैठकीवर साधी मांडी घाला. ताण आणि टोचणारी कळ यांतला फरक आठवड्याभरात कळायला लागतो, आणि कळ आली की थांबायचं. श्वास रोखला गेला, तेही जास्त झाल्याचंच लक्षण.

टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती सुरू करणारे आमच्या वाड्यावर बरेच आहेत. रक्तदाब जास्त असेल, हर्निया असेल, गरोदरपण असेल तर ते करू नये. शीर्षासन, सर्वांगासन नवख्याने एकट्याने करू नये. आणि योग सुरू केला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करणं तर महामूर्खपणा.

उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर, हरमल-मांद्र्याकडे, पर्यटकांच्या हंगामात योगाचे वर्ग चालतात. जायला हरकत नाही, पण आधी हा वर्ग नवख्यांसाठी आहे का ते विचारा. माझा एक मित्र दीड तासाच्या झपाट्याच्या वर्गात घुसला आणि अर्धा वेळ शेजारणीच्या टाचा बघत बसला.

पावसाळ्यात चटई ओली गुंडाळली तर बुरशी आलीच म्हणून समजा. ओल्या फडक्याने पुसा, पंख्याखाली वाळवा, मगच गुंडाळा. लादी आधी कोरडी करून घ्या, नाहीतर चटईच घसरते.

खंड पडणारच. चूक खंडाची नाही, "आता सोमवारपासून नव्याने" म्हणण्याची. गेल्या चतुर्थीत घर पाहुण्यांनी भरलं, माझ्या चटईवर मावशी झोपली. पोदेर आला तेव्हा सगळं घर घोरत होतं. मी देवासमोर उभा राहिलो, ताडासनात हात वर नेले, तर बोटं माटोळीतल्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीतल्या, सुपारीच्या घडाला लागली. पाच श्वास घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडरवर फुली मारली.