जुना मोबाइल घेताय? आधी आयएमईआय तपासा

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जुना मोबाइल स्वस्तात मिळाला, तरी पैसे देण्याआधी दुकानातच *#06# डायल करा. १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. इंग्रजीत ‘केवायएम’, एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं, तर फोन परत ठेवा. मग दुकानदार कितीही गोड बोलो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय नंबर असतात, दोन्ही तपासा. बिल घ्याच, त्यावर आयएमईआय लिहून घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पोलिसांनी विचारलं, तर हेच बिल कामी येतं.