बर्फातल्या डोंगरासाठी सॉफ्टशेल पँट निवडताना

परभणी, नांदेड, लातूरकडून म्युनिकला नव्याने आलेल्या मंडळींना पहिल्याच हिवाळ्यात कार्यालयातील सहकारी आल्प्सच्या बर्फात येण्याचा आग्रह करतात, आणि मग पँट कोणती घ्यावी, अशी विचारणा माझ्याकडे हमखास होते. वर्षातून दोन-तीनदाच डोंगरावर जाणाऱ्याने बिनअस्तराची, मध्यम जाडीची एकच सॉफ्टशेल (वारा अडवणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाची) पँट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात मात्र आपला हात आतून फ्लीस (मऊ, लवदार, उबदार कापड) लावलेल्या जाड पँटकडेच जातो, कारण आपल्याला भीती थंडीची असते.

खरे तर भीती घामाची बाळगावी. उन्हाळ्यात आपण माठाला ओले फडके गुंडाळतो आणि त्या फडक्यातील पाणी वाळताना माठातील उष्णता घेऊन जाते. बर्फात भिजलेली पँट आपल्या मांड्यांचे नेमके हेच करते. पहिल्या वर्षी मी जीन्स घालून गेलो होतो. दुपारपर्यंत गुडघ्याखालचे कापड भिजले आणि वरच्या वाऱ्यात ते पत्र्यासारखे ताठ झाले. पुढच्या वर्षी हौसेने फ्लीसची पँट घेतली, तर चढावर उकडून निघालो आणि शिखरावर डबा उघडेपर्यंत हुडहुडी भरली.

सॉफ्टशेलचे कापड बहुधा नायलॉनचे, थोडे ताणले जाणारे असते. ते वारा बऱ्यापैकी अडवते, घामाची वाफ बाहेर जाऊ देते आणि त्यावरील लेपामुळे कोरडा बर्फ झटकला की निघून जातो. संततधार पावसात मात्र ते भिजतेच, म्हणून पिशवीत बाजूला पूर्ण लांबीची चेन असलेली पातळ रेनपँट ठेवावी, म्हणजे ती बूट न काढता चढवता येते. थंडी जास्त असेल तर आत मेरिनो लोकरीची थर्मल घालावी. ऊब आतल्या थराने द्यावी, बाहेरच्या पँटने नव्हे.

पँट घालून पाहताना ती थर्मलवरच घालावी आणि एक पाय खुर्चीवर ठेवून गुडघा छातीकडे आणावा; मांडीला किंवा जांघेत ओढ बसली तर ती पँट तशीच परत ठेवावी. हार्नेस (सुरक्षेचा दोर अडकवण्यासाठी कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा) वापरणार असाल तर कमरेला जाड बक्कल नको आणि खिसा मांडीवर हवा. सर्वांत बारकाईने पाहावा तो पायाचा घोळ, म्हणजे पँटची खालची कड. आतल्या बाजूला, घोट्याजवळ, जाड कापडाचा तुकडा शिवलेला असावा, कारण थकलेला माणूस पाय जवळजवळ टाकतो आणि एका बुटाच्या क्रॅम्पॉनचे (बर्फात घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या धातूच्या साच्याचे) दात दुसऱ्या पायात अडकतात. माझ्या उजव्या पायाच्या घोळावर अजूनही चार बोटे लांबीचे टाके आहेत. त्या दिवशी कापडच फाटले, मी पडलो नाही, हे नशीब.

क्रॅम्पॉन विकत घेण्याची घाई करू नये. १८६९ साली म्युनिकमध्येच स्थापन झालेल्या जर्मन अल्पाइन क्लबच्या अनेक शाखा सभासदांना असे साहित्य भाड्याने देतात.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये. पाण्याचे थेंब घरंगळण्याऐवजी कापडात मुरू लागले की, लेबलवर परवानगी असल्यास, धुतलेली पँट ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर फिरवावी. तरीही थेंब मुरत असतील तर दुकानात मिळणारा जलरोधक फवारा मारावा.