दहावी-बारावीच्या मुलांना सल्ला देताय? या चुका टाळा

शाळेत समुपदेशकाचं पद असो वा नसो, निकालाच्या आठवड्यात ते काम कुणीतरी करतंच; बऱ्याच मराठी शाळांत ते वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडतं. त्या वेळी सहज बोललेलं एखादं वाक्य मग घरात कायमचं होऊन बसतं : "सरच म्हणाले, हिला सायन्स झेपायचं नाही."

टक्क्यांवरून शाखा वाटू नका. सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. नव्वदला सायन्स, सत्तरला कॉमर्स, उरलेल्यांना आर्ट्स! गणितात ८० आणि इतिहासात ४५ असलेल्या मुलीची सरासरी काय सांगणार? गुणपत्रिका विषयवार वाचा. दहावीला ३५ टक्के मिळाले तरी पॉलिटेक्निकला अर्ज करता येतो, आणि तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात शिरता येतं. हे कुणी सांगितलंच नाही, तर कॉलेज आपल्यासाठी नाही असं मूल स्वतःच ठरवून टाकतं. अकरावीत "गणित सोड, टक्के वाढतील" म्हणतानाही जपून. बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाण्याची नेहमीची वाट त्यानं अवघड होते.

कल चाचणी म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. बोलायला सुरुवात म्हणून ठीक, तेवढंच.

पालकांना वगळून ठरवू नका. फी परवडत नाही, असं वडील तुमच्या तोंडावर म्हणणार नाहीत. "मुलीला एवढ्या लांब कुठं पाठवायचं" म्हणतील. अशा वेळी भाषण नको, माहिती द्या. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी राज्य सरकार पूर्ण भरतं. मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. वसतिगृहाची चौकशीही त्याच बैठकीत करून द्या.

कागदपत्रं निकालानंतर आठवू नका. जात पडताळणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज अकरावी-बारावीतच करायला लावा. नॉन-क्रीमीलेयरची (प्रगत गटात नसल्याच्या दाखल्याची) मुदत बघा. आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नाव-जातीची नोंद वडिलांच्या दाखल्याशी जुळते का, ते मुलगा शाळेत असतानाच ताडून घ्या. दुरुस्ती तेव्हाच सोपी असते.