टायर ‘बसते’ म्हणून घेऊ नका: कारचा टायर बदलताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत आमच्या जुन्या डिझायरचे चारही टायर गुळगुळीत झाले. तालुक्याच्या दुकानात गेलो. टायरवर लिहिलं होतं १६५/८० आर १४. दुकानदार आत जाऊन पाहून आला आणि म्हणाला, “भाऊ, ते साइज आज नाई. हे १७५/६५ टाकून देतो. डिस्क चौदाचीच आहे न, बसते बरोबर. काई होत नाई.”

बसले खरंच. दहा मिमी जास्त रुंद टायर मिळाले म्हणून मी खूश. पुढचे काही महिने तर जास्तच खूश, कारण गाडीचं ॲव्हरेज वाढलं होतं!

ते का वाढलं, यातच साइजचं सगळं गणित आहे.

१६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० हे मिलिमीटर नाहीत. टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच, तो हा आकडा. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची रचना. त्याचा त्रिज्येशी काही संबंध नाही, जरी निम्मं गाव तसं समजतं. १४ हा डिस्कचा, म्हणजे टायर चढतं त्या धातूच्या रिमचा व्यास, इंचांत. आता बेरीज करा. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी, त्यात वरची आणि खालची भिंत मिळून २६४. चाकाची पूर्ण उंची झाली साधारण ६२० मिमी. माझ्या नव्या टायरची? १७५ चे ६५ टक्के ११३.७५, त्याचे दुप्पट २२७.५, त्यात डिस्कचे ३५५.६, एकूण ५८३. म्हणजे रुंद टायर घेतला आणि चाक ३७ मिमी बुटकं झालं.

बुटकं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे मारतं. मीटर फेरे मोजतं, रस्ता नाही. आमच्या गावाहून यवतमाळ ४० किलोमीटर, ते मीटरवर साडेबेचाळीस दिसायला लागलं. डिझेल तेवढंच, किलोमीटर जास्त, म्हणून ॲव्हरेज वाढलं! काट्यावर ८० दिसायचे तेव्हा गाडी खरी ७५ च्या आसपास धावत होती.

यातलं मीटरचं फसणं फार तर गमतीचं. पण गाडीचं पोट १८ मिमी खाली आलं, ते पावसाळ्यात कळलं. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा कणा उभा राहतो. आधी जिथून गाडी आरामात निघायची तिथे खालून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. मी दोष रस्त्याला दिला. आपल्याकडे रस्त्याला दोष दिला की कोणी हरकत घेत नाही.

तिसरी गोष्ट मी पाहिलीच नव्हती. साइजनंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, ८५ टी असं. ८५ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. माझ्या नव्या टायरवर ८२ होतं, म्हणजे ४७५ किलो. चार टायर मिळून १६० किलोची क्षमता गेली. आपल्याकडे कारच्या डिकीत युरियाच्या ४५ किलोच्या चार बॅगा आणि मागच्या सीटवर तीन माणसं, हे काही नवल नाही. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा वजनाचा निर्देशांक किंवा वेगाचं अक्षर खाली उतरू देऊ नका. वर गेलं तर चालतं.

मग पाहायचं कुठे? गाडीवर आत्ता चढलेल्या टायरवर नाही. सेकंडहँड गाडी असेल तर मुळीच नाही, आधीच्या मालकानंही कोणाचं तरी ‘बसते’ ऐकलं असेल. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर साइज आणि हवा दोन्ही लिहिलेली असते. स्टिकर उडालं असेल तर गाडीचं माहितीपुस्तक पाहा, तेही आपल्याच व्हेरियंटचं. त्याच डिझायरच्या वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५ येतं. हिशोब केलात तर उंची ६२१.५ निघते, म्हणजे १६५/८० आर १४ च्या जवळपास तेवढीच. कंपनी डिस्क मोठी करते तेव्हा भिंत बारीक करून उंची सांभाळते, ती अशी. पण हे टायर १५ च्या डिस्कवरच जातं. १८५/६५ मधलं १४ चं टायर आपल्या डिस्कवर टाकलं की परत २३ मिमीचा फरक पडतो. मूळ साइज खरोखरच मिळत नसेल तर उंचीचा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा आणि आपल्या डिस्कच्या रुंदीला तो टायर चालतो का, ते विचारून घ्या.

उलट बाजूची चूकही सर्रास दिसते: ‘चिखलात पकड येईल’ म्हणून मोठं, जाड टायर. कोरड्या अंगणात ते मडगार्डला लागत नाही, म्हणून सगळे खूश. ओल्या काळ्या मातीत गेल्यावर ती माती चाकाला लिंपत जाते आणि चाक व मडगार्डच्या आतल्या अस्तराच्या मधली जागाच भरून टाकते. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की घासतं. शिवाय हायवेच्या बारीक नक्षीच्या रुंद टायरची नक्षी त्या चिखलानं दोन फेऱ्यांत भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतं. मोठ्या चाकानं मीटर कमी दाखवतं, हेही लक्षात घ्या. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. काटा १२० वर असताना गाडी त्याच्या पुढे गेलेली असू शकते.

माझी चूक उघडी पडली ती पंक्चरमुळे. पुढचं चाक बसलं, स्टेपनी लावली, आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. उतरून पाहिलं तर स्टेपनी शेजारच्या चाकापेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी उंच! ती जुन्या साइजचीच राहिली होती. एकाच एक्सलवर दोन उंचीची चाकं ठेवून लांब जाऊ नये, डिफरन्शियलला (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरला) सतत काम पडतं. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत त्याचा दिवाही लागू शकतो. चार टायर बदलताना पाचव्याकडेही पाहा.

घरी तपासायचं तर सोपं आहे. टायरला आणि जमिनीला खडूनं खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाचा एक फेरा होऊ द्या, दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. वजनानं टायर थोडा दबतो म्हणून कागदावरच्या परिघापेक्षा आकडा थोडा कमी येईल. पण माझ्या दोन साइजमध्ये दर फेऱ्याला सुमारे ११ सेंटिमीटरचा फरक होता. तो लपत नाही.

सगळाच त्रास साइजचा नसतो. साधारण ८० च्या वर स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग करा. चाकं सारख्या उंचीची असूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर हवा आणि अलाइनमेंट पाहा. फक्त वळताना घासत असेल तेव्हा साइजवर संशय घ्या. दोनच टायर घेणार असाल तर जोडी एकाच एक्सलवर टाका, शक्यतो मागे.

हवेबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून मामापर्यंत सगळे देतात. होतं उलटं. हवा कमी असली की टायरची भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यानं तापते, आणि बाहेर ४५ अंश असताना ती उष्णता जायला जागा नसते. स्टिकरवरचा आकडा सकाळी, गाडी थंड असताना भरा. टायरवर छापलेला जास्तीत जास्त हवेचा आकडा भरण्यासाठी नसतो.

पैसे देण्यापूर्वी तारीख पाहा. टायरच्या भिंतीवर एक लांब क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे तारीख. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर न वापरताही म्हातारा होतो. आयएसआय खूण आणि त्यासोबतचा आयएस १५६३३ हा क्रमांकही पाहून घ्या.

शेवटी मी यवतमाळला जाऊन १६५/८० आर १४ मागितले. तिथेही उत्तर आलं, “दोन दिवस लागतील, नाहीतर हे बसते.” या वेळी ॲडव्हान्स दिला, गाडी तिथेच ठेवली आणि दोन दिवस एसटीनं फिरलो.