मास्टर्स-पीएचडीच्या अर्जांतले संक्षेप: या चुका टाळा

"फॉल २६, ईसीई पीएचडी, ३.७, जीआरई नाही, ३ एलओआर, पीओआयचा रिप्लाय पॉझिटिव्ह, यूडब्ल्यूला डब्ल्यूएल, फंडिंग टीबीडी. चान्स आहे का?"

परदेशी उच्चशिक्षणासाठी अर्ज करणाऱ्यांच्या गप्पांत अशी वाक्यं सर्रास दिसतात आणि नवख्याला वाटतं, आपण फारच मागे पडलोय. तसं काही नसतं. २०२६च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणारं सत्र, इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंग विभाग, जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा दिलेली नाही, तीन शिफारसपत्रं, ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या प्राध्यापकांचं उत्तर, वेटलिस्ट, आणि पैशाचं अजून ठरलेलं नाही. एवढं शोधलं की कुणालाही सापडतं.

खरी अडचण उरते ती दोन जागी: हे यूडब्ल्यू कोणतं आणि ३.७ कशापैकी? हे न विचारताच लोक सल्ले देतात, आणि वाचणारा त्यावरून आपली यादी ठरवून मोकळा होतो. संक्षेपांची पूर्ण रूपं पाठ करून भागत नाही. लिहिणारा कोणत्या देशात, कोणत्या पदवीसाठी, कोणत्या विषयात अर्ज करतोय हे कळल्याशिवाय त्या अक्षरांना अर्थ नसतो. बहुतेक चुका इथेच होतात.

विद्यापीठाचं लघुरूप ओळखीचं वाटलं म्हणून गृहीत धरणं

यूडब्ल्यू म्हणजे सिएटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन असू शकते, मॅडिसनची विस्कॉन्सिन असू शकते आणि कॅनडातलं वॉटर्लूही. 'वॉशयू' मात्र यातलं एकही नाही, ती सेंट लुइसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी. ओएसयू तीन आहेत: ओहायो स्टेट, ओरेगन स्टेट, ओक्लाहोमा स्टेट. यूएससी म्हणजे बहुतेकदा सदर्न कॅलिफोर्निया, पण साउथ कॅरोलायनाचे लोकही तेच लिहितात. आणि पेन व पेन स्टेट ही दोन वेगळी विद्यापीठं आहेत. पहिलं फिलाडेल्फियातलं खाजगी, आयव्ही लीगमधलं. दुसरं पेनसिल्व्हेनियाचं सरकारी मदतीवर चालणारं.

हा घोळ गप्पांपुरता राहिला तर ठीक. पण जीआरईचे गुण पाठवताना विद्यापीठ निवडावं लागतं, आणि प्रत्येकाला जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेनं चार आकडी कोड दिलेला असतो. कुणीतरी सांगितलेला कोड तसाच टाकला की गुण भलत्याच विद्यापीठात पोहोचतात आणि पुन्हा पाठवायला पुन्हा पैसे भरावे लागतात. कोड नेहमी विभागाच्या प्रवेशपानावरूनच घ्या आणि समोर आलेलं पूर्ण नाव व शहर वाचूनच पुढे जा.

विभागांचंही असंच आहे. सीई म्हणजे सिव्हिल की कॉम्प्युटर? डीएस म्हणजे डेटा सायन्स की डायव्हर्सिटी स्टेटमेंट? पदवीच्या नावात तर एका अक्षरानं सगळं बदलतं. अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात एमएस इन सीएस (कॉम्प्युटर सायन्स) हा संशोधन आणि थिसिसचा अभ्यासक्रम आहे, तर एमसीएस ही थिसिस नसलेली व्यावसायिक पदवी. दोन्हींची निवड वेगळ्या निकषांवर होते. एकाचा ॲडमिट पाहून दुसऱ्यासाठी आपली शक्यता मोजणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

'वेव्हर' हा शब्द एकाच अर्थानं वाचणं

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ या शब्दानं होतो, म्हणून इथे जरा थांबू.

ॲप्लिकेशन फी वेव्हर म्हणजे अर्जाचं शुल्क माफ. टेस्ट वेव्हर म्हणजे जीआरई किंवा इंग्रजीच्या परीक्षेतून सूट. ट्यूशन वेव्हर म्हणजे शिकवणी शुल्काची माफी. त्यातही 'आउट ऑफ स्टेट ट्यूशन वेव्हर' असं लिहिलं असेल तर माफ होतो फक्त बाहेरच्यांना पडणारा जादा आकार. त्या राज्यातले रहिवासी जे शुल्क भरतात ते तुम्हालाही भरावंच लागतं. नुसतं "वेव्हर मिळाला" असं कुणी म्हणालं तर कोणता, हे विचारल्याशिवाय हिशेब मांडू नका.

चौथा वेव्हर शिफारसपत्रांच्या पानावर भेटतो. "हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का?" असा प्रश्न तिथे असतो. अमेरिकेच्या १९७४च्या फर्पा कायद्यानं विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिलाय, त्यातून हा प्रश्न आला. 'होय' म्हटलं तर शिफारसपत्रच द्यावं लागणार नाही असं काहींना वाटतं, तर काहींना त्यात आपला तोटा दिसतो. दोन्ही समज चूक. 'होय' म्हणजे पत्र गोपनीय राहील, एवढंच. गोपनीय पत्र मोकळेपणानं लिहिलेलं असतं असं निवड समित्या धरतात, आणि काही प्राध्यापक गोपनीयता नसेल तर पत्र द्यायलाच कचरतात. म्हणून बहुतेक अर्जदार हक्क सोडतात. शिफारस करणाऱ्याला निमंत्रण गेल्यावर हा पर्याय बदलणं कटकटीचं होतं, तेव्हा आधीच ठरवा.

'ऑप्शनल'चा अर्थ 'नको' असा घेणं

जीआरईबद्दल प्रवेशपानावर 'रिक्वायर्ड', 'ऑप्शनल', 'नॉट रिक्वायर्ड' किंवा 'नॉट ॲक्सेप्टेड' असं काहीतरी लिहिलेलं असतं. शेवटचं असेल तर गुण पाठवूनही कुणी बघणार नाही. 'ऑप्शनल' असेल तर चांगले गुण पाठवल्यानं फायदा होऊ शकतो, विशेषतः पदवीचे गुण बेताचे असतील तर. हा नियम विभागागणिक आणि वर्षागणिक बदलतो, म्हणून मागच्या वर्षीच्या अर्जदाराचं "जीआरई लागत नाही" हे वाक्य यंदा जसंच्या तसं धरू नका.

'फुली फंडेड' वाचून हुरळून जाणं

आता ऑफर लेटर समोर ठेवून वाचू. त्यात साधारण अशी ओळ असते: "५० टक्के अपॉइंटमेंट, टीए, नऊ महिने, ट्यूशन रिमिशन, फीज नॉट इन्क्लुडेड."

टीए म्हणजे शिकवण्यात मदत करणारा सहायक, ट्यूशन रिमिशन म्हणजे शिकवणी शुल्काची माफी. ५० टक्के वाचून घाबरू नका. पैसे निम्मे, असा त्याचा अर्थ नाही. पूर्णवेळ नोकरी आठवड्याला ४० तासांची धरली तर तिच्या निम्मं, म्हणजे २० तासांचं काम. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला कमाल २० तासच काम करता येतं, म्हणून विद्यार्थ्याच्या दृष्टीनं हीच भरलेली नेमणूक. २५ टक्के लिहिलं असेल तर मात्र तास दहा आणि पैसेही त्या मानानं कमी.

'नऊ महिने' या शब्दांवर जास्त लक्ष द्या. उन्हाळ्याचे तीन महिने त्यात नाहीत. त्या महिन्यांचं घरभाडं कुठून येणार, हा प्रश्न विभागाला आत्ताच विचारायचा. 'फीज'मध्ये विद्यार्थी सेवा, तंत्रज्ञान, आरोग्य विमा असं बरंच काही येतं, आणि ट्यूशन माफ असूनही ही रक्कम दर सत्राला खिशातून जाऊ शकते. म्हणून कुणी "फुली फंडेड" म्हणालं की ट्यूशन, फीज, विमा, स्टायपेंड आणि किती वर्षांची हमी, हे पाचही मुद्दे वेगवेगळे विचारा.

टीए, आरए (संशोधन सहायक), जीए (ग्रॅज्युएट असिस्टंट) या नेमणुकांची नावंही जागोजागी बदलतात. बर्कली आणि मिशिगनमध्ये टीएला जीएसआय (ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर) म्हणतात. पदवीपूर्व विद्यार्थ्यानं "मी आरए आहे" असं म्हटलं तर तो वसतिगृहाची देखरेख करणारा रेसिडेंट असिस्टंट असण्याचीच शक्यता जास्त, संशोधन सहायक नव्हे.

'१५ एप्रिल' हा याच विषयातला परवलीचा शब्द. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावानुसार, सही केलेल्या विद्यापीठांच्या आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. पण हा ठराव आर्थिक मदतीच्या ऑफरपुरताच आहे. स्वखर्चाच्या मास्टर्सचा ॲडमिट असेल आणि पत्रात मार्चची तारीख असेल, तर मार्चच पाळावा लागेल. "१५ एप्रिलपर्यंत वेळ असतो सगळ्यांना" या ऐकीव माहितीवर जागा आणि डिपॉझिट दोन्ही जाऊ शकतात.

'जीआरएफपी'चंही इथेच सांगून टाकते. नॅशनल सायन्स फाउंडेशनची ही फेलोशिप अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे. स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्यानं त्यात वेळ घालवू नये.

गुणांच्या फूटपट्ट्या एकमेकींवर ठेवणं

अमेरिकेत जीपीए (गुणांची सरासरी) ४ पैकी असतो, इतरत्र १० पैकी किंवा टक्क्यांत. जर्मनीत फूटपट्टी उलटी: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. "२.५ लागतं" हे जर्मन अर्जदाराचं वाक्य अमेरिकी चष्म्यातून वाचलं तर कठीण विद्यापीठ सोपं वाटायला लागतं.

स्वतःच सूत्र लावून जीपीए काढू नका. अर्जात बहुधा मूळ पद्धतीतलेच गुण आणि 'किती पैकी' एवढंच भरायला सांगतात. विद्यापीठाला रूपांतर हवं असेल तर ते मूल्यमापन संस्थेचा अहवाल मागतं. तो मागताना 'कोर्स बाय कोर्स' हवाय की 'डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट', हे तपासा. दुसऱ्यात विषयवार गुण नसतात आणि तो पाठवला तर सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

देश बदलला तरी शब्द तोच समजणं

सीएएस हे उत्तम उदाहरण. ब्रिटनमध्ये ते (कन्फर्मेशन ऑफ ॲक्सेप्टन्स फॉर स्टडीज) प्रवेश नक्की झाल्यावर विद्यापीठाकडून मिळतं आणि त्याच्या क्रमांकाशिवाय स्टुडंट व्हिसाचा अर्ज होत नाही. अमेरिकेत सीएएस म्हणजे एकाच खिडकीतून अनेक विद्यापीठांना अर्ज करण्याची केंद्रीय सेवा, उदाहरणार्थ सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांसाठी सोफास. एक प्रक्रियेच्या शेवटी येतं, दुसरं सुरुवातीला. "सीएएस आलं का?" या प्रश्नानं पोटात गोळा येण्याआधी विचारणारा कुठे चाललाय ते पाहा.

जर्मनीला अर्ज करणाऱ्यांत 'व्हीपीडी' ऐकू येतं. ती युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेनं तुमची कागदपत्रं तपासून दिलेली प्राथमिक नोंद. ती हातात आली म्हणजे अर्ज झाला, असं नाही. विद्यापीठाकडे अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि तो राहून गेला तर ते सत्र गेलं.

ब्रिटनमध्ये पीएचडीला थिसिस आणि मास्टर्सला डिसर्टेशन म्हणतात, अमेरिकेत बरोबर उलट. ईमेलमध्ये आपण कोणत्या पदवीबद्दल बोलतोय ते स्पष्ट लिहिलं की झालं.

एसओपी आणि पर्सनल स्टेटमेंट एकच समजणं

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अनेक कॅम्पसवर स्टेटमेंट ऑफ पर्पज (एसओपी) आणि पर्सनल हिस्ट्री स्टेटमेंट असे दोन निबंध मागतात. पहिल्यात काय संशोधन करायचं, का, आणि तयारी काय. दुसऱ्यात तुम्ही कोणत्या परिस्थितीतून इथवर आलात. तोच मजकूर थोडा फिरवून दोन्हीकडे टाकला तर एक निबंध वाया जातो. ब्रिटनमध्ये मात्र 'पर्सनल स्टेटमेंट' या नावाखाली बहुतेकदा एसओपीसारखाच मजकूर अपेक्षित असतो. तेव्हा शीर्षकापेक्षा त्याखालचा प्रश्न वाचा.

'स्टेम' नावावरून ठरवणं

ओपीटी म्हणजे अमेरिकेत पदवीनंतर मिळणारी १२ महिन्यांची कामाची परवानगी. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) अभ्यासक्रम असेल तर तीत २४ महिन्यांची भर पडू शकते. अभ्यासक्रम स्टेम आहे का, हे त्याच्या नावावरून कळत नाही. ते ठरतं सीआयपी या अभ्यासक्रम-वर्गीकरणाच्या कोडवरून, आणि हा कोड विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-२० या कागदावर छापलेला असतो. दोन विद्यापीठांत एकाच नावाच्या पदवीला वेगळे कोड असू शकतात. प्रवेश स्वीकारण्याआधी विभागाकडून कोड लेखी मागवा आणि अमेरिकी सरकारच्या स्टेम यादीत स्वतः ताडून पाहा.

सीपीटी ही शिक्षण चालू असतानाची परवानगी. ती पूर्णवेळ आणि १२ महिने किंवा त्याहून जास्त वापरली, तर त्या पदवीपातळीवरची ओपीटी हातची जाते. "सीपीटीवर वर्षभर काम केलं" असं अभिमानानं सांगणाऱ्याला ते पूर्णवेळ होतं की अर्धवेळ, एवढं जरूर विचारा.

कुणालाही विचारून मोकळं होणं

अनेक विद्यापीठांत 'ग्रॅड स्कूल' म्हणजे मध्यवर्ती कार्यालय, आणि विभाग वेगळा. दोघांच्या अटी, कधीकधी तारखाही, वेगळ्या असतात. इंग्रजी परीक्षेची किमान अट मध्यवर्ती कार्यालय ठरवतं आणि विभाग त्याहून जास्त मागू शकतो. दोन्ही पानं वाचूनही शंका राहिली तर विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरना ईमेल करा. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक, सत्र आणि पदवीचं पूर्ण नाव. आत एकच प्रश्न, एकही संक्षेप न वापरता, आणि त्यांच्या पानावरचं जे वाक्य कळलं नाही ते जसंच्या तसं उतरवलेलं. उत्तर आलं की जपून ठेवा. पुढे फी किंवा फंडिंगवरून काही अडलं तर तेच दाखवता येतं.