इंग्लंडच्या खेड्यात जुनं घर घेताय? सर्व्हेच्या आधी आणि नंतर करायची तयारी

राइटमूव्ह या घरविक्रीच्या साइटवर एखादं दगडी कॉटेज दिसतं, काळपट ओकचे बीम, मोठी इंगलनूक फायरप्लेस, मागे बाग, आणि आपण मनातल्या मनात सोफा कुठे ठेवायचा ते ठरवायला लागतो. घ्या, जरूर घ्या, ही घरं नीट सांभाळली तर आपल्या नातवंडांनंतरही उभी राहतील. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये घरात काय बिघडलंय ते शोधायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, विकणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही, बाकी बहुतेक सगळं आपणच बघायचं. (स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून विकणाऱ्यालाच होम रिपोर्ट, म्हणजे घराच्या तपासणीचा अहवाल, द्यावा लागतो, तिकडचा मामला वेगळा.) आणि माझं ठाम मत आहे की जुन्या घराच्या सर्व्हेचा (घेण्याआधी तज्ज्ञाकडून करून घ्यायच्या तपासणीचा) निम्मा फायदा सर्व्हेयर दारात यायच्या आधीच ठरलेला असतो, कोणाला बोलावलं, त्याला आधी काय सांगितलं आणि त्या दिवशी त्याला काय काय बघायला मिळालं यावर.

आधी एक गैरसमज काढून टाका. मॉर्गेज देणाऱ्या बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नाही, ते बँकेसाठी असतं, कर्ज बुडालं तर घर विकून पैसे निघतील का एवढंच त्यात बघतात, कधीकधी तर कोणी घरी जातही नाही, कॉम्प्युटरवरच आकडा काढतात. तुम्हाला पाहिजे आरआयसीएसचा (सर्व्हेयरांची व्यावसायिक संस्था) लेव्हल ३ सर्व्हे, ज्याला अजूनही बरेच जण बिल्डिंग सर्व्हे किंवा फुल स्ट्रक्चरल म्हणतात. लेव्हल २ स्वस्त पडतो पण तो साध्या, नेहमीच्या बांधणीच्या, बऱ्या अवस्थेतल्या घरांसाठी आहे. १९१९ च्या आधीचं घर, म्हणजे भरीव भिंती, चुन्याचं काम, लाकडी चौकट, गवताचं छप्पर यातलं काहीही असेल तर लेव्हल ३ वर पैसे वाचवू नका, मोठ्या घराचं बिल हजार पाउंडच्या पुढे सहज जातं पण एक छप्पर दुरुस्त करायचा खर्च बघितलात तर ती रक्कम कमीच वाटेल.

मग माणूस निवडा, आणि घाई करू नका. एस्टेट एजंट एक नाव सुचवेलच, ते घ्या पण स्वतःही दोन-तीन जण शोधा आणि प्रत्येकाशी फोनवर बोला. जुन्या घराचा आधी केलेला एखादा रिपोर्ट नावं काढून पाठवाल का असं विचारा, या भागातल्या बांधणीचा अनुभव आहे का विचारा, कारण डेव्हनच्या मातीच्या कॉब भिंती वेगळ्या, कॉट्सवोल्ड्सचा चुनखडी दगड वेगळा आणि सफोकच्या लाकडी चौकटीची घरं आणखी वेगळी. आरआयसीएसची कॉन्झर्व्हेशनची वेगळी मान्यता असते, ती असेल तर उत्तम. आणि एक प्रश्न नक्की विचारा, ओल दिसली तर तुम्ही काय करता? "मीटर लावतो आणि जास्त दाखवलं तर डॅम्प कंपनीला बोलवा असं लिहितो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून पुढच्याला फोन लावा. "पाणी कुठून येतंय ते आधी शोधतो" असं म्हणाला तर हाच आपला माणूस. कुठूनच पत्ता लागत नसेल तर एसपीएबी म्हणून संस्था आहे, डिझायनर आणि कवी विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेली, जुन्या इमारतींबद्दल त्यांची फुकट सल्ला देणारी फोन लाइन आहे, तिथे बोला.

सर्व्हेयर यायच्या आधी घरबसल्या जेवढी माहिती मिळते तेवढी काढून ठेवा. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नॅशनल हेरिटेज लिस्टवर पत्ता टाकला की घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने संरक्षित, आहे का ते फुकटात कळतं, लिस्टेडपैकी दहातली नऊ तरी ग्रेड २ (सगळ्यात खालची श्रेणी) असतात. बरेच लोक समजतात की लिस्टिंग फक्त समोरच्या दर्शनी भागाला असतं. तसं नाही, आतलंही सगळं त्यात येतं, जिने, दरवाजे, फायरप्लेस, कधीकधी मागची जुनी शेड आणि कुंपणाची भिंतसुद्धा. आता काउन्सिलच्या प्लॅनिंगच्या साइटवर जा, त्या घराला आजवर कोणकोणत्या परवानग्या मिळाल्या ते बघा आणि एजंटच्या फोटोंशी ताडून बघा. स्वयंपाकघर आणि जेवणघर एक केलेलं दिसतंय, माळ्यावर बेडरूम काढलेली दिसतेय, खिडक्या प्लॅस्टिकच्या आहेत, आणि साइटवर परवानगीचा पत्ता नाही, तर हे सगळं लिहून ठेवा, कारण लिस्टेड घरात विनापरवाना काम करणं हा गुन्हा आहे आणि काम पूर्ववत करा ही नोटीस त्या वेळच्या मालकाला नाही, आत्ताच्या मालकाला येते, आणि तिला वर्षांची मुदतही नाही. म्हणजे मागच्याने पाडलेली भिंत तुमच्या खिशातून परत बांधायची वेळ येऊ शकते. लिस्टेड नसलं तरी कॉन्झर्व्हेशन एरिया (अख्खा संरक्षित परिसर) आहे का बघा, तिथे साधं झाड तोडायचं तरी काउन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

सरकारी साइटवरचा पुराचा नकाशा बघा, नदी जवळ नसली तरी डोंगरउतारावरून येणाऱ्या पाण्याचा वेगळा नकाशा असतो तो पण बघा. रेडॉनचा नकाशा बघा, कॉर्नवॉल, डेव्हन, डर्बीशर, नॉर्थअँप्टनशर या बाजूला हा किरणोत्सारी वायू जमिनीतून घरात येतो, मोजणी तीन महिने चालते त्यामुळे खरेदीच्या आधी ती होत नाही, अशा वेळी सॉलिसिटरला (खरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलाला) सांगून विकणाऱ्याच्या पैशातले थोडे राखून ठेवायची सोय असते. खाणींचा भाग असेल तर जुन्या खाणींच्या नोंदींचा सर्च. हे सगळं एका ईमेलमध्ये टाका, सोबत तुमचे प्रश्न आणि तुमचे बेत (मागे एक्स्टेन्शन काढायचंय, लाकूड जाळायचा स्टोव्ह बसवायचाय वगैरे) आणि सर्व्हेयरला आधीच पाठवा.

सर्व्हेयर फक्त दिसतं तेवढंच बघतो हे नीट लक्षात घ्या, तो घट्ट बसवलेलं कार्पेट उचकटत नाही, जड कपाटं हलवत नाही, भिंतीला भोक पाडत नाही. म्हणून एजंटमार्फत विकणाऱ्याला आधी विनंती करा की माळ्याचं दार मोकळं ठेवा, तिथल्या खोक्यांमधून वाट ठेवा, तळघराची आणि शेडची किल्ली द्या, जिथे जमेल तिथे कार्पेटचा कोपरा उचलायला परवानगी द्या. मागच्या कामांची कागदपत्रं एकत्र मागा, बॉयलरची सर्व्हिस, वायरिंगचा ईआयसीआर (तपासणीचा अहवाल), छपराची बिलं, २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांचं सर्टिफिकेट. मागितली की मिळतात, बहुतेक लोक चांगले असतात.

स्वतः एकदा पावसात जाऊन या, मुसळधार असेल तर अजून चांगलं. छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पन्हळीतून पाणी कुठे सांडतंय, खालच्या पाइपचं पाणी कुठे जातंय, भिंतीवर हिरवा पट्टा कुठे आहे ते बघा, फोटो काढा.

कारण जुन्या घराची निम्मी दुखणी पाण्याचीच. या घरांच्या भिंती भरीव असतात, मधे पोकळी नाही, वीट किंवा दगड आणि चुना. पाऊस पडला की भिंत थोडं पाणी पिते आणि ऊन-वारा मिळाला की ते चुन्याच्या सांध्यांतून सोडून देते, अशीच ती शंभर-दोनशे वर्षं टिकली आहे. मग कोणीतरी येऊन बाहेरून सिमेंटचं पॉइंटिंग करतो, म्हणजे सांधे सिमेंटने भरतो, आतून जिप्समचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट, आणि पाण्याला बाहेर पडायची वाटच बंद होते. हे ओळखायचं तर भिंतीच्या अगदी जवळ जा. सांधा करडा आणि कडक आहे, नखाने उकरत नाही, विटेच्या बाहेर कडेसारखा उभा राहिलाय आणि त्याच्या मधली वीट आत झिजून भुकटी होतेय, बोट फिरवलं तर लाल पावडर लागते, म्हणजे सिमेंट. पांढरट, थोडा भुसभुशीत, विटेच्या जरा आत बसलेला सांधा म्हणजे चुना. आता खाली बघा, बाहेरच्या जमिनीची पातळी. वर्षानुवर्षं फुलांच्या वाफ्यात माती पडत जाते, पॅटिओवर पॅटिओ चढतो, आणि बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा वीतभर वर येते, मग आतल्या कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाचे पोपडे येणारच. यावर उपाय काय, तर माती खाली करा, फुटकी पन्हळ बदला, सिमेंट काळजीपूर्वक काढून चुना भरा आणि भिंतीला वाळायला महिने द्या.

पण होतं काय, मीटर टेकवतात, ते जास्त आकडा दाखवतं, आणि "रायझिंग डॅम्प" (जमिनीतून भिंतीत चढणारी ओल) म्हणून भिंतीत केमिकल इंजेक्शन द्यायचं कोटेशन हातात येतं. ते पिनांचं मीटर मुळात लाकडासाठी बनवलेलं आहे, जुन्या भिंतीतल्या क्षारांनी पण त्याचा आकडा वर जातो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर कोणीही हजारो पाउंडचं काम ठरवू नये. फुकट डॅम्प सर्व्हे करून देणारा माणूस बहुतेक वेळा तेच केमिकल विकायला आलेला असतो. या एका मुद्द्यावर मी कितीही वेळा लिहायला तयार आहे, कारण चांगल्या भिंती याच कामाने खराब होतात.

भेगांना लोक सगळ्यात जास्त घाबरतात, तितकं घाबरायचं कारण नसतं. जुनी घरं थोडी कलतात, बसतात, जमिनी तिरप्या होतात आणि मग शतकभर तशीच राहतात. बीआरई या बांधकाम संशोधन संस्थेची एक प्रमाण मोजपट्टी आहे, १ मिलिमीटरपर्यंतची भेग म्हणजे किरकोळ, ५ पर्यंत रंगकाम आणि थोडी डागडुजी, ५ ते १५ च्या घरात गेली की लक्ष द्यायचं, १५ च्या पुढे गंभीर आणि २५ च्या पुढे अतिगंभीर. पण रुंदीइतकंच महत्त्वाचं म्हणजे भेग जुनी का ताजी, कडा मळकट आणि रंगाखाली गेलेल्या आहेत की स्वच्छ आणि धारदार, वर रुंद आणि खाली बारीक आहे का, जवळ चिकणमातीची जमीन आणि मोठं झाड आहे का. सर्व्हेयरला शंका आलीच तर स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा, तोही जुन्या इमारती कळणारा, अशा इंजिनियरांचं केअर नावाचं रजिस्टर आहे.

लाकडात भोकं दिसली म्हणजे किडा आत्ता जिवंत आहे असं नाही, ताजी फिकट भुकटी खाली पडलेली असेल तर चिंता करा, नाहीतर ती भोकं तुमच्या पणजोबांच्या वेळची असू शकतात. माळ्यावर दोन गोष्टी मुद्दाम बघायला सांगा, छपराच्या आतून स्प्रे फोम मारलाय का (बऱ्याच बँका अशा घरावर कर्ज नाकारतात) आणि खालची चिमणीची भिंत काढून वरचा भाग तसाच लटकत ठेवलाय का. वटवाघळं असतील तर त्यांना आणि त्यांच्या जागेला कायद्याचं संरक्षण आहे, छपराचं काम त्यांच्या हिशोबाने करावं लागतं. ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्यामुळे घर कितीही जुनं असलं तरी त्यात मधल्या काळात घातलेलं ॲस्बेस्टॉस असू शकतं.

खेड्याचे म्हणून काही प्रश्न शहरातून जाणाऱ्याला सुचतच नाहीत. सांडपाणी मेन ड्रेनला जातं का सेप्टिक टँकला? टँक असेल तर तो नेमका कुठे आहे, शेजाऱ्याच्या जमिनीत तर नाही ना, आणि बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरतं का ओढ्यात जातं? सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात सोडायला इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२० पासून परवानगी नाही, म्हणजे नवीन यंत्रणेचा खर्च आला, आणि टँकची माहिती विकणाऱ्याने लेखी देणं बंधनकारक आहे. ड्रेनची कॅमेरा तपासणी वेगळी करून घ्या, ती लेव्हल ३ मध्ये येत नाही. गॅसची लाइन नसेल तर तेलाची टाकी किती जुनी आणि कुठे ठेवलीय, पाणी बोअरवेलचं असेल तर शेवटची तपासणी कधी झाली, घरापर्यंतची गल्ली कोणाच्या मालकीची. शेजारच्या घराची खोली तुमच्या खोलीच्या वर येत असेल (जुन्या ओळीतल्या कॉटेजमध्ये हे होतं, फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात) तर सॉलिसिटरला आणि बँकेला लगेच सांगा. चर्चच्या दुरुस्तीचा खर्च काही जुन्या जमिनींवर बसतो, चॅन्सेल लायबिलिटी, तोही सॉलिसिटरकडून तपासून घ्या.

रिपोर्ट आला की त्यात लाल ३ नंबर (सगळ्यात गंभीर दर्जा) भरपूर दिसतील, जुन्या घराला ते असणारच, म्हणून पहिल्या रात्री निर्णय घेऊ नका. आधी सर्व्हेयरला फोन करा आणि विचारा की हे तुमच्या बहिणीने घ्यायचं ठरवलं असतं तर तुम्ही तिला काय म्हणाला असता, पहिल्या वर्षी काय करायलाच पाहिजे आणि काय दहा वर्षं थांबेल. लिखाणात ते जपून लिहितात, बोलताना मोकळं सांगतात. "तपासता आलं नाही" असं जिथे जिथे लिहिलंय त्याची वेगळी यादी करा, बहुतेक मोठे खर्च तिथेच लपलेले असतात. मग मोठ्या कामांची कोटेशन्स घ्या, चुन्याचं काम येणाऱ्या माणसाकडूनच, आणि आकडे हातात घेऊन किमतीवर बोला, कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे सह्या केलेले करार एकमेकांना देईपर्यंत, दोन्ही बाजू मोकळ्या असतात त्यामुळे सगळं त्याच्या आधी. इन्शुरन्सचं कोटेशनही आधीच काढा, गवताचं छप्पर किंवा लिस्टेड घर असेल तर प्रत्येक कंपनी घेत नाही, आणि रक्कम बाजारभावाची नाही, तसंच घर त्याच पद्धतीने परत बांधायच्या खर्चाची लागते, तो आकडा सर्व्हेयरकडूनच मागून घ्या. पॉलिसी एक्स्चेंजच्या दिवसापासून चालू करा, किल्ली हातात यायची वाट बघू नका, कारण जोखीम साधारणपणे त्याच दिवशी तुमच्याकडे येते.